आचारी आणि कोठीवाली: वेब डेव्हलपर कोण, वेबमास्टर कोण?

"अगं, तू आमची वेबमास्टर ना? मग गणपतीच्या कार्यक्रमांची तिकिटं साइटवरच बुक होतील असं काहीतरी करून दे की. चार दिवस पुरतील ना?"

रामबागेतल्या एका घरी मंडळाची बैठक सुरू होती आणि सेक्रेटरीकाका पोह्यांवर शेव भुरभुरत हे अगदी सहज बोलून गेले. इंदुरात पोहे पुढ्यात असताना कोणाला नाही म्हणणं अवघड. तरी मी म्हटलं, "काका, लग्नात आचारी वेगळा असतो आणि कोठी सांभाळणारी वेगळी. तुम्ही कोठीवर जाऊन कधी बासुंदी आटवायला सांगितलीत का?"

काका हसले, पण घोटाळा त्यांच्या एकट्याचा नाही. साइटशी संबंध आला की सगळे एकाच माणसाला हाक मारतात.

वेब डेव्हलपर हा आचारी. पानावर जे उमटतं आणि पानामागे जे चालतं, ते तो कोड लिहून घडवतो. समोरच्या बाजूला पानाचा सांगाडा रचणारं एचटीएमएल, रूप ठरवणारं सीएसएस, हालचाल आणणारं जावास्क्रिप्ट. मागच्या बाजूला पीएचपी, पायथन यांसारखी भाषा आणि डेटाबेस, म्हणजे माहितीचं कोठार. तिकीट बुक करायचं म्हणजे खुर्च्यांचा हिशेब, पैसे भरण्याची सोय, आणि दोघांनी एकाच क्षणी एकच खुर्ची निवडली तर ती कोणाला द्यायची याचा नियम, हे सगळं आलं. शिवाय नाव लिहायच्या रकान्यात कोणी खोडसाळ माणसाने डेटाबेसला दिलेली आज्ञा घुसवली, तर ती चालता कामा नये. डेटाबेस युनिकोडसाठी, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीसाठी, नीट लावला नसेल, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. हे चार दिवसांचं काम नव्हे आणि माझं तर नव्हेच. साइट उभी राहिली, चाचणी झाली, पैसे मिळाले की डेव्हलपर पुढच्या कामाला लागतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

वेबमास्टरचं काम तिथून सुरू होतं आणि त्याला शेवट नसतो. कोठीच्या किल्ल्या तिच्या पदराला. तूप किती उरलंय, कोणता डबा कुठे आहे, हे तिला ठाऊक. बासुंदी तिला आटवता येत नसेलही, पण दूध नासलंय हे ती वासावरून सांगते.

हे मी शिकले ते फटका बसल्यावर. मंडळाची पहिली साइट एका सदस्याच्या भाच्याने हौसेने, फुकट करून दिली होती. छान होती. डोमेन म्हणजे साइटचं नाव. ते त्याने स्वतःच्या कॉलेजच्या काळातल्या ईमेलवर नोंदवलं. पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला गेला, तो ईमेल उघडणं बंद झालं आणि नावाची मुदत संपत आल्याच्या सगळ्या सूचना तिथेच साठत राहिल्या. एरवी वर्षभर मंडळाच्या साइटकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गणपती जवळ आल्यावर कार्यक्रमपत्रिका शोधायला लोक गेले, तर तिथे काहीच नाही!

.ऑर्ग किंवा .कॉमसारखं नाव मुदत संपताच कायमचं जात नाही. नोंदणी करणारी कंपनी ते जास्तीत जास्त ४५ दिवस आपल्याकडे ठेवू शकते, त्यानंतर ३० दिवस वाढीव शुल्क भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी ते कोणालाही घ्यायला मोकळं होतं. आमचं नाव त्या ३० दिवसांत सापडलं म्हणून वाचलो. जास्तीचे पैसे वर्गणीतून गेले, ते खजिनदारांनी मला बरेच दिवस ऐकवले. भाच्याच्या कोडमध्ये एकही चूक नव्हती, हे मात्र मुद्दाम सांगते. चूक एवढीच, की किल्ली कोणाकडे आहे हे कोणीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. डोमेन कोणाच्या नावावर, होस्टिंग कुठे (साइट पुरवणारा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, कोणाचा), डीएनएसच्या नोंदी कोणत्या, म्हणजे साइट कोणत्या सर्व्हरवर जाते आणि मंडळाची पत्रं कुठे पोचतात, बॅकअप कधी घेतला आणि तो परत चढवून पाहिला का. साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सर्टिफिकेटची तारीखही त्यातच. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं ९० दिवसांची रूढ झाली, आणि २०२९ पर्यंत कोणत्याही सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर आणायचं २०२५ साली ठरलंय. म्हणजे नूतनीकरण आपोआप व्हायला हवं, आणि ते खरंच होतंय ना यावर कोणाची तरी नजर हवी.

वेबमास्टरला कोड अजिबात येऊ नये, असं नाही. एचटीएमएल वाचता यायला हवं, तुटलेला टॅग, म्हणजे त्यातली खूण, दुरुस्त करता यायला हवा. सर्व्हरची नोंदवही वाचून ४०४ म्हणजे पान सापडलं नाही आणि ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही, हा फरक कळायला हवा, नाहीतर डेव्हलपरला रात्री अकराला उगाच उठवाल. नवी साइट आली तेव्हा सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरलेल्या लिंका मेल्या. मी जुन्या पत्त्यांची यादी काढून दिली, डेव्हलपरने प्रत्येकाला नव्या पानाकडे वळवणारी ३०१ ही सूचना लावली. यादी करणं माझं काम, लावणं त्याचं.

कौशल्यांच्या यादीत एक गोष्ट सहसा नसते: भाषेची नजर. नव्या साइटवर एका आजोबांनी मला फोन करून सांगितलं, "हा आपला ल नाही." खरंच नव्हता! देवनागरी एकच असली तरी ल आणि श यांची वळणं मराठीत वेगळी, हिंदीत वेगळी. फॉन्टमध्ये दोन्ही होती, पण पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण हिंदीची लागली होती. ती मराठीची केली आणि अक्षरं आपली झाली. दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही कोणत्या भाषेत उच्चार करायचे ते त्याच खुणेवरून ठरवतं. आमचा डेव्हलपर हिंदीभाषक, त्याला ते दिसणार कसं? इंदुरात राहून मराठी साइट चालवायची तर हे कोणाला तरी खटकायलाच हवं.

दोघांचं भांडण होतं ते अपडेटवर. वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं एखादं प्लगइन, म्हणजे जोडपुरवणी, अद्ययावत केलं आणि कार्यक्रमांचं कॅलेंडर गायब झालं, तर दोष कोणाचा? अपडेट लावलं वेबमास्टरने, कॅलेंडर मोडलं डेव्हलपरचं. माझ्या मते साइटची एक प्रत बाजूला ठेवून आधी तिच्यावर करून न पाहणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक वेळा आमचाच.

वेबमास्टर हा शब्द हल्ली मागे पडतोय, हे खरं. १९९७ च्या एका इंटरनेट मानकात प्रत्येक वेबसाइटसाठी वेबमास्टर नावाचा ईमेल पत्ता सुचवला होता. पुढे गूगलने २०१५ मध्ये वेबमास्टर टूल्सचं, म्हणजे साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनाचं, नाव बदलून सर्च कन्सोल केलं. ते वापरणारे सगळेच वेबमास्टर नसतात, असं त्यांच्याही लक्षात आलं होतं. मोठ्या कंपन्यांत हे काम सर्व्हरवाले, मजकूरवाले, शोधवाले असं वाटलं गेलंय. मंडळात, शाळेत, छोट्या दुकानात ते अजून एकाच माणसाच्या गळ्यात असतं आणि बऱ्याचदा आचारीही तोच.

काकांना एवढं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तिकिटांसाठी वेगळा माणूस बघायचा. मग तू काय करणार?"

"तिकिटांचे पैसे मंडळाच्याच खात्यात येतील हे आधी पाहणार. त्याला लागेल तेवढाच प्रवेश देणार. आणि काम संपलं की त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलणार."

काकांनी पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावणाची डबी माझ्याकडे सरकवली. "आधी मला सांग, सध्याचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?"

मी वही उघडली.