गार इंजिन, ओलं पेट्रोल

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा १५ अंशांच्या खाली उतरला, की कार्बोरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) जुन्या गाड्या कुरकुरायला लागतात. १९८५ साली बाजारात आलेल्या मारुती जिप्सीच्या सुरुवातीच्या गाड्या आणि जुन्या पेट्रोल जीप यांत आघाडीवर. पहाटे दाजीपूरच्या जंगलात निघायचं असतं, आणि गाडी चालू होते, दोन-चार झटके मारते आणि दारातच बंद पडते. पहिला संशय बॅटरीवर जातो. पण सेल्फ जोमात फिरत असेल तर बॅटरी बदलून काही साधत नाही. अशा वेळी बहुधा अडचण असते ती पेट्रोलची वाफ होण्याची.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिन गार असताना पेट्रोलमधले फक्त हलके घटक पटकन उडतात. जड घटक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतीला ओले चिकटून राहतात. कार्बोरेटरने माप बरोबर दिलं तरी सिलिंडरमध्ये वाफ कमीच पोचते. चोक ही कसर भरून काढतो. त्याची झडप मिटली की हवेची वाट अडते, खाली दाब घटतो आणि जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल जास्त ओढलं जातं.

म्हणून तपासणी इथूनच सुरू करावी. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, कुणाला तरी चोकचा नॉब ओढायला सांगा आणि वरून बघा. झडप पूर्ण मिटली पाहिजे. केबल सैल झाली किंवा गंजली की बारीक फट राहते, आणि थंडीत तेवढी फट पुरते.

पुढचा साक्षीदार प्लग. गाडी चालू झाली नाही की लगेच एक प्लग खोला. टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाही. आठवडाभर उभ्या गाडीत हे नेहमी होतं: फ्लोटच्या वाटीतलं (कार्बोरेटरमध्ये साठलेलं) पेट्रोल उडून जातं, आणि पंप इंजिनावरच चालत असल्याने वाटी भरेपर्यंत सेल्फ मारत राहावा लागतो. टोक ओलं असून वास येत असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी अशक्त आहे. मग चोकचा नॉब आत ढकलून झडप उघडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. तरीही जमलं नाही तर ठिणगी देणाऱ्या पॉइंटचा गॅप आणि कॉईल बघावी.

चोकवर चालते आणि चोक आत ढकलला की बंद पडते, ही तक्रार मला सगळ्यात बोलकी वाटते. इंजिन गरम झाल्यावरही तसंच होत असेल तर आयडल जेट (गाडी उभी असताना इंजिनाला पेट्रोल देणारा) चोंदलेला असतो, किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून अथवा तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून हवा आत घुसत असते. चोकवर चालू असताना त्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. पाण्याऐवजी पेट्रोल कधीही वापरू नका, भडका उडतो. जेटच्या केसासारख्या भोकात तार घालू नये, भोक मोठं होतं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला जाणता मिस्त्री क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेनेच ते साफ करतो.

आता यात आपल्याच उसाचाही वाटा आहे. २०२३पासून देशात टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. शुद्ध इथेनॉलला किलोमागे नऊ किलोच हवा लागते, त्यामुळे या मिश्र पेट्रोलसाठी लागणारी हवा किलोमागे साधारण १३.५ किलोवर येते. नव्या गाडीचा सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचा जेट आहे तेवढाच राहतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि गार इंजिनात नेमकी तीच नसते. पूर्वी अर्ध्या चोकवर चालू होणारी गाडी आता पूर्ण चोक मागते ती यामुळे. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळाभर उभी असलेली गाडी काढताना जुनं पेट्रोल काढून टाकावं, वाटी रिकामी करावी आणि रबरी पाइप बोटांनी दाबून बघावेत. मऊ पडलेला किंवा तडकलेला पाइप तिथल्या तिथे बदलावा.