कृत्रिम स्तनाची निवड : वजन, घाम आणि शिवण

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला घरी सोडताना हाताचे व्यायाम शिकवले जातात, जखमेला लावलेल्या नळीतून येणारे पाणी रोज मोजून लिहायला सांगितले जाते, औषधांच्या वेळा समजावल्या जातात. काढलेल्या स्तनाच्या जागी काय घालायचे याबद्दल मात्र बहुतेक वेळा एवढेच सांगितले जाते की टाके सुकले की दुकानात ‘पॅड’ मिळते. ही वस्तू दिवसाचे दहा-बारा तास अंगाला लागून राहणार असते, पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये आणि दमट जुलैमध्येही, त्यामुळे तिच्यामागचे शास्त्र जरा सविस्तर पाहायला हवे.

भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे. 2022 या एका वर्षात देशात त्याचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आढळले असावेत, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे निदान बरेचदा उशिरा होते आणि म्हणून केवळ गाठ काढून स्तन वाचवण्याऐवजी संपूर्ण स्तन काढण्याची, म्हणजे मास्टेक्टॉमीची, वेळ पुष्कळ जणींवर येते. त्यानंतर काही जणी पुनर्रचनेची शस्त्रक्रिया करून घेतात, काही जणी सपाट छातीनेच वावरणे पसंत करतात आणि त्यात वैद्यकीयदृष्ट्या काहीही गैर नाही. ज्यांना कपड्याच्या आत काही घालावेसे वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पुण्यात 1944 पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे कृत्रिम पाय कसा करतात हे अनेक पुणेकरांना ऐकून तरी ठाऊक असते: उरलेल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यावर सॉकेट घडवायचे, रुग्णाला चालवून पाहायचे, टोचते तिथे पुन्हा तासायचे. कृत्रिम स्तन बहुधा असा घडवला जात नाही. तो तयार मापांतून उचलायचा असतो. साहजिकच छातीशी जुळवून घेण्याचे सगळे काम निवडीवर आणि तो धरून ठेवणाऱ्या ब्राच्या किंवा ब्लाउजच्या शिवणीवर येऊन पडते. दुकानात मात्र चर्चा होते ती फक्त आकाराची आणि किमतीची.

आधी वजनाचे पाहू. एखाद्या स्त्रीच्या स्तनाचे घनफळ 400 मिलिलिटर आहे असे धरले, तर त्यातल्या चरबीची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी आणि ग्रंथींची किंचित जास्त असल्याने त्याचे वजन 400 ग्रॅमच्या आतबाहेर भरेल. सिलिकोन जेलची घनताही पाण्याच्या अगदी जवळ, साधारण 0.97, म्हणून त्याच आकाराचा भरीव सिलिकोन स्तन 390 ग्रॅमच्या सुमारास जातो. कागदावर हिशेब जुळला. पण अंगावर तो तसा जुळत नाही. नैसर्गिक स्तन त्वचा आणि आतील तंतूंनी छातीला सर्व बाजूंनी बांधलेला असतो. कृत्रिम स्तनाचे वजन मात्र ब्राचा खांद्यावरचा पट्टा आणि छातीभोवतीचा बंद यांच्यावर, म्हणजे शेवटी खांद्यावर आणि फासळ्यांवर येते. ‘वजन बरोबर तेवढेच आहे’ असे दुकानदाराने सांगूनही तो जड का वाटतो, याचे उत्तर या आधाराच्या फरकात आहे. जेलमध्ये सूक्ष्म पोकळ गोलक मिसळून वजन पाव हिश्श्याने किंवा त्याहून अधिक कमी केलेले हलके प्रकारही मिळतात आणि मोठ्या मापाच्या स्त्रियांनी ते आधी घालून पाहावेत.

एका बाजूचे वजन गेल्याने खांदा चढतो आणि पाठीचा कणा वाकडा होतो, असे विक्रेते ठासून सांगतात. यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. शस्त्रक्रियेनंतर खांदा पुढे झुकण्यामागे ताणलेला व्रण, आखडलेले स्नायू, वेदना आणि छाती झाकून घेण्याची नकळत लागलेली सवय हीही कारणे असतात, आणि त्यांवरचा उपाय व्यायाम हाच आहे. कृत्रिम स्तन फार हलका असेल तर ब्राची ती बाजू वर सरकते आणि हात वर केला की दोन्ही बाजू वेगवेगळ्या उंचीवर दिसतात, एवढे खरे. माझ्या मते वजन ठरवताना कण्याची धास्ती घेण्यापेक्षा ‘ब्रा जागेवर राहते का’ ही साधी कसोटी लावावी.

सिलिकोनच इतके का वापरले जाते, याचे कारण त्याच्या रेणूत आहे. सिलिकॉन या मूलद्रव्याचे आणि ऑक्सिजनचे अणू आळीपाळीने गुंफून झालेली ही लांब साखळी सहज वळते आणि शेजारच्या साखळ्यांना फारशी धरून राहत नाही. साखळ्यांमध्ये अधूनमधून आडवे बंध घातले की जेल तयार होते. बंध विरळ ठेवले तर ते मऊ आणि डुलणारे, दाट केले तर रबरासारखे घट्ट होते. दाबल्यावर पसरणे आणि सोडल्यावर सावकाश मूळ आकारात येणे हा गुण त्यातूनच येतो. या जेलभोवती पॉलियुरेथेन या लवचिक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, आणि पुढे काळजी घ्यायची ती मुख्यतः या पापुद्र्याची.

या वस्तूच्या इतिहासात एक अनपेक्षित नाव आहे. बार्बी बाहुली बाजारात आणणाऱ्या अमेरिकी उद्योजिका रूथ हँडलर यांचा एक स्तन 1970 मध्ये काढावा लागला. तेव्हा मिळणारे कृत्रिम स्तन त्यांना इतके ओबडधोबड वाटले की त्यांनी कृत्रिम अवयव घडवणारे पेटन मॅसी यांच्या मदतीने ‘निअरली मी’ या नावाने स्वतःच उत्पादन सुरू केले. बूट डाव्या-उजव्या पायाचे वेगळे असतात, तसे हेही डावे-उजवे वेगळे हवेत, हा त्यांचा आग्रह होता. आज बाजारात दोन्ही बाजूंना चालणारे त्रिकोणी किंवा थेंबाच्या आकाराचे प्रकार आहेत आणि काखेकडे शेपूट असलेले, डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगळे असे प्रकारही आहेत. काखेतल्या लसिकाग्रंथींबरोबर (लिम्फ नोड्स) तिथली ऊतीही बरीच गेली असेल आणि खळगा पडला असेल तर दुसरा प्रकार बरा. केवळ गाठ काढलेल्या स्त्रीसाठी कवचासारखा पातळ, अर्धवट प्रकार पुरतो. कृत्रिम स्तनाची मागची बाजूही हाताने चाचपून पाहावी, कारण व्रण जिथे जाड किंवा उंचवटा असलेला असेल तिथे ती मऊ आणि खोलगट हवी.

पुण्यातल्या स्त्रियांची खरी तक्रार मात्र आकाराची नसते, उकाड्याची असते. एक ग्रॅम घाम वाळताना शरीराची सुमारे 2400 ज्यूल उष्णता घेऊन जातो. अंग थंड राहते ते घाम येण्याने नव्हे, तो वाळण्याने. पॉलियुरेथेनचा पापुद्रा आणि जेलचा जाड थर यांच्यामागे हवा खेळत नाही, घाम वाळत नाही आणि सिलिकोन उष्णतेचा मंद वाहक असल्याने ती उष्णताही तिथेच साठून राहते. त्वचा ओली राहून हुळहुळी होते, घामोळे येते आणि पावसाळ्यात बुरशीचा संसर्ग होतो. यावर उपाय म्हणून काही महाग प्रकारांत मागच्या बाजूला मेणासारख्या पदार्थाचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. त्वचेच्या तापमानाच्या आसपास ते वितळतात आणि वितळताना उष्णता शोषतात. पण सगळे कण एकदा वितळले की शोषणे थांबते आणि ते पुन्हा गोठल्याशिवाय उपयोगी पडत नाहीत. वातानुकूलित कार्यालयातून बाहेर आणि बाहेरून पुन्हा आत अशी ये-जा करणाऱ्या स्त्रीला त्याचा फायदा होईल. दिवसभर पंख्याखाली स्वयंपाकघरात किंवा मंडईत उभी असलेल्या स्त्रीने त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. तिला सुती कापडाचे आवरण आणि दुपारी एकदा ते बदलण्याची सोय यांचा अधिक उपयोग होतो.

आता एक गोष्ट, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. काखेतल्या लसिकाग्रंथी काढताना दंडाच्या आतल्या बाजूची आणि काखेची संवेदना नेणारी एक नस (मज्जातंतू) अनेकदा तुटते किंवा ताणली जाते. छातीच्या त्वचेतल्या बारीक नसाही तुटलेल्या असतात. परिणामी त्या भागात बधिरपणा राहतो, कधी जळजळही होते. बधिर त्वचेला शिवण घासते आहे हे जाणवत नाही आणि संध्याकाळी कपडे काढल्यावर एकदम सोललेली जागा दिसते. म्हणून रात्री आरशासमोर उभे राहून व्रण, काख आणि ब्राच्या पट्ट्याखालची त्वचा डोळ्यांनी पाहणे हा काळजीचा भागच समजावा. लालसरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, नवी गाठ किंवा पुळी दिसली, हात जड वाटून बांगड्या घट्ट होऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. ग्रंथी काढलेल्या बाजूला लसिकेचा, म्हणजे ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवाचा, निचरा आधीच मंदावलेला असतो. त्यात खांद्यावर रुतणारा अरुंद पट्टा आला की सुजेच्या जोखमीत भर पडू शकते. पट्टा रुंद, शक्यतो आतून मऊ गादी असलेला असावा आणि ब्राला तार नसावी.

ब्रा कशी बसते यावर निम्मे सुख अवलंबून असते. छातीभोवतीचा बंद सगळीकडे एका पातळीत राहून अंगाला लागला पाहिजे, दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे आणि कपाच्या आत कृत्रिम स्तन ठेवायला सुती किंवा होजियरीच्या कापडाचा खिसा हवा. असा खिसा असलेल्या तयार ब्रा मिळतात, पण आपली नेहमीची, नीट बसणारी ब्रा ओळखीच्या टेलरकडे देऊन खिसा लावून घेणे स्वस्तही पडते आणि सवयीचेही. खिशाचे तोंड काखेकडे ठेवावे, शिवण व्रणावर येऊ देऊ नये आणि कापड शिवण्याआधी धुऊन घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून खिसा आखडतो. साडी नेसणाऱ्या वयस्क स्त्रियांना ब्रा नकोशी असेल तर ब्लाउजच्या अस्तराला आतून खिसा शिवता येतो. गळा मात्र अर्धा-पाऊण इंच वर घ्यावा लागतो.

दुकानात आरशासमोर ताठ उभे राहून काहीच कळत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा हात वर करावा, केर काढताना वाकतो तसे वाकावे, स्कूटरवर बसल्यासारखे दोन्ही हात पुढे धरून खांदे हलवावेत. आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांतून दुचाकी नेताना सैल ब्रामधला जड कृत्रिम स्तन किती उसळतो, हे ज्या चालवतात त्यांनाच माहीत. जवळची नातेवाईक सोबत असेल तर तिने समोरून नव्हे, बाजूने पाहावे. दोन्ही बाजूंतला फरक तिथून लवकर दिसतो.

हे सगळे करायची घाई नको. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही आठवडे कापूस किंवा फायबर भरलेला हलका, मऊ प्रकारच सैल कपड्याखाली घालावा. वजनदार सिलिकोन साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरल्यावर आणि सर्जनने सांगितल्यावर. किरणोपचार चालू असतील तर त्वचा आधीच भाजल्यासारखी झालेली असते, म्हणून तो काळ सुती प्रकारावर काढावा आणि त्वचेला चिकटवायच्या प्रकाराचा विचार तर पुढे कधीतरी, डॉक्टरांना विचारूनच करावा.

हातांनी विणलेले सुती कृत्रिम स्तन हा आपल्या हवेला फार सोयीचा पर्याय आहे आणि तो तात्पुरता मानून बाजूला टाकू नये. आत फायबर भरलेला हा प्रकार घाम शोषतो, धुता येतो, भरण कमी-जास्त करून दुसऱ्या बाजूशी जुळवता येतो. मुंबईतून चालणाऱ्या नीटेड नॉकर्स इंडिया या स्वयंसेवी उपक्रमातल्या स्त्रिया असे स्तन क्रोशाने विणून मोफत देतात. त्याला वजन हवे म्हणून घरोघरी मोहरी किंवा ज्वारीची पुरचुंडी आत घातली जाते. युक्ती चांगली, पण घामाने आणि पावसाळी दमटपणाने धान्याला कीड किंवा बुरशी लागते. पुरचुंडी वेगळी काढता येईल अशी ठेवावी आणि पावसाळ्यात दाणे वरचेवर बदलावेत. पैशांची ओढाताण असेल तर एक बेताचा सिलिकोन स्तन बाहेर जाण्यासाठी आणि दोन सुती घरासाठी, ही जोडी एका महागड्या वस्तूपेक्षा अधिक कामाची ठरते, असे मला वाटते.

सिलिकोनची निगा सोपी आहे, फक्त ती रोज घ्यायला हवी. रात्री कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हाताने धुऊन, न पिळता, मऊ टॉवेलने टिपावा आणि ज्या साच्याच्या डब्यात तो मिळाला त्यातच ठेवावा. सपाट फळीवर पडून राहिला तर कडेला घडी पडते आणि पापुद्रा प्रथम त्या घडीवरच चिरतो. उन्हात वाळवू नये, बंद गाडीत ठेवू नये. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की काही प्रकारच्या पॉलियुरेथेनच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि पृष्ठभाग चिकट होतो. व्रणाला तेलाचे मालीश केले असेल तर ते पुसून, त्वचा कोरडी झाल्यावरच तो घालावा. पोहायला जायचे तर पोहण्यासाठीचा वेगळा प्रकार घ्यावा आणि तलावातल्या क्लोरीनचे पाणी लगेच साध्या पाण्याने धुवावे.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती साडीची पिन. पदर डाव्या खांद्यावर लावताना डावा स्तन कृत्रिम असेल तर पिन टोचण्याआधी दोन बोटे ब्लाउजच्या आत घालून कापड वर उचलावे. भोक पडलेच तर जेल भसकन बाहेर येत नाही, कडेला चिकट ठिपका दिसतो. त्यावर चिकटपट्टी लावून काही दिवस काम चालते, मात्र ते छिद्र पुढे वाढत जाते आणि नवा घ्यावाच लागतो. चांगल्या वापरातही सिलिकोन स्तन दोन-एक वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी. त्याआधीही केमोथेरपीत किंवा नंतरच्या गोळ्यांवर वजन वाढले-घटले की दुसऱ्या स्तनाचे माप बदलते आणि जुने माप चुकते. दुसऱ्या स्तनाची वार्षिक मॅमोग्राफी ठरलेलीच असते; त्या दिवशी नेहमीची ब्रा आणि कृत्रिम स्तन घालूनच जावे, तपासणीच्या खोलीत तो काढून ठेवावा आणि परतताना फिजिओथेरपिस्टला किंवा स्तनविभागातल्या परिचारिकेला पट्टा, बंद आणि माप एकदा पाहायला सांगावे.