पारदर्शक लेयरवर कॉपी-पेस्ट

चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा निवडलेला भाग उचलून वेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या चित्राच्या थरांपैकी एकावर, ठेवण्याची क्रिया. लेयरवर जिथे रंग नाही तिथून खालचा लेयर दिसतो. अशी रिकामी जागा पडद्यावर करड्या-पांढऱ्या चौकटींनी दाखवतात. मराठवाड्यात लातूर, नांदेड, परभणीपासून तालुक्याच्या गावांपर्यंत फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि लग्नाचे अल्बम यांचे काम या क्रियेवर चालते. बॅनरवरच्या शुभेच्छुकांच्या रांगेतला प्रत्येक चेहरा हा स्वतंत्र लेयर असतो.

उगमाबद्दल दोन मते दिसतात. एक मत लेयरचे मूळ सचेतपटांच्या (अ‍ॅनिमेशनच्या) पारदर्शक पत्र्यांत, म्हणजे अर्ल हर्ड यांच्या १९१४ च्या सुमाराच्या पद्धतीत शोधते. दुसऱ्या मतानुसार खरी सुरुवात अल्फा चॅनलपासून होते. अ‍ॅल्वी रे स्मिथ व एड कॅटमल यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९७७-७८ च्या सुमारास रंगाबरोबर पारदर्शकतेचाही आकडा प्रत्येक पिक्सेलला (चित्राच्या ठिपक्याला) दिला. दोन चित्रे मिसळण्याच्या सूत्रातले अल्फा हे अक्षरच त्याचे नाव झाले. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी या मिश्रणाचे गणित पद्धतशीर मांडले. पत्र्याचे साम्य समजवायला सोपे असले तरी कडेचा अर्धपारदर्शक पिक्सेल त्यातून उलगडत नाही, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कट-कॉपी-पेस्ट ही आज्ञा मात्र मजकुराच्या संपादनातून आली. तिचे श्रेय झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातील लॅरी टेस्लर व टिम मॉट यांना, १९७४-७५ च्या आसपासच्या कामासाठी, दिले जाते. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ च्या ३.० आवृत्तीत आले. फोव्ह मॅटिससारख्या प्रोग्राममध्ये ते त्याआधीच होते.

कॉपी करताना रंगाबरोबर सिलेक्शनची (निवडीची) तीव्रताही उचलली जाते. फेदर दिलेल्या, म्हणजे मऊ केलेल्या, कडेचा पिक्सेल ५० टक्के निवडलेला असेल, तर तो ५० टक्के अपारदर्शक होऊनच उतरतो. तोच भाग कट करून त्याच जागी पेस्ट केला तर कड पुरती जुळत नाही : खाली ५० टक्के उरलेले, वर ५० टक्के आलेले, बेरीज १०० होत नाही, ७५ होते, कारण वरच्यातून खालच्याचे निम्मेच दिसते. उरलेल्या २५ टक्क्यांतून खालचा रंग डोकावतो आणि कडेने पुसट रेघ उमटते. म्हणून कट न करता कंट्रोल-जे देऊन नक्कल घ्यावी आणि मूळ लेयर अखंड ठेवावा.

दुसरा नेहमीचा दोष पांढऱ्या झालरीचा. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोत केसांच्या कडेचे पिक्सेल अर्धे केस, अर्धी भिंत असे असतात. अल्फा घटला तरी त्यांच्या रंगातली भिंत जात नाही. भगव्या किंवा गडद निळ्या बॅनरवर ती लगेच उठून दिसते. फोटोशॉपच्या मॅटिंग मेनूमधील ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ रंगातला पांढऱ्याचा वाटा वजा करते. भिंत निळसर किंवा पिस्ता रंगाची असेल तर ती चालत नाही. तिथे १ पिक्सेलचे डिफ्रिंज, म्हणजे कडेच्या पिक्सेलना आतला रंग देणे, बरे. गांधी टोपी व पांढरे धोतर ही खरी कसोटी. मॅजिक वाँड (सारखा रंग एका टिचकीत निवडणारे साधन) ३२ या मूळच्या टॉलरन्सवर (रंगफरकाच्या मर्यादेवर) भिंतीसोबत टोपीचे टोकही खाते. तिथे पेन टूलने, कडेच्या एक पिक्सेल आतून, हाताने पाथ (कडेची रेषा) काढण्याला पर्याय नाही. मग अर्धा पिक्सेल फेदर पुरतो.

पेस्ट पिक्सेल मोजते, इंच नाही. ७२ रिझोल्यूशनचा (इंचाला ७२ पिक्सेल) १० इंची फोटो म्हणजे ७२० पिक्सेल. ३०० च्या पानावर तो २.४ इंचच भरतो. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो ताणला की चेहरा पिठूळ होतो तो यामुळेच. १२ बाय ३६ इंची अल्बमच्या पानाला ३०० वर ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल लागतात. आठ बिटच्या आरजीबीत अल्फासह पूर्ण भरलेला एकच लेयर सुमारे १५५ एमबी होतो.

एका प्रोग्राममधून दुसऱ्यात थेट पेस्ट केल्यास क्लिपबोर्डवर अल्फा टिकेलच असे नाही. रिकाम्या जागी पांढरी किंवा काळी चौकट येते. पीएनजी (पारदर्शकता साठवणारी फाइल) करून आणणे भरवशाचे. जेपीजीत पारदर्शकता साठवताच येत नाही. अनेक लेयरचे दिसते तसे चित्र उचलायचे असेल तर कॉपी मर्ज्ड, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-सी. साध्या कंट्रोल-सीने फक्त चालू लेयर येतो आणि तो त्या जागी रिकामा असेल तर काहीच येत नाही.

जिंप या मोफत चित्र-संपादन प्रोग्राममध्ये पेस्ट केलेला भाग पूर्वी तरंगत्या सिलेक्शनच्या रूपात येई व कंट्रोल-एचने चिकटवावा लागे, ३.० पासून तो नव्या लेयरवर जातो. लेयरला अल्फा चॅनल जोडलेले नसेल तर डिलीट केल्यावर पारदर्शक भोक न पडता बॅकग्राउंडचा रंग भरतो.