अपूर्णांक आणि गुणोत्तर

अपूर्णांक ही संख्या आहे. गुणोत्तर हा दोन किंवा अधिक सजातीय, म्हणजे एकाच प्रकारच्या, राशींमधला संबंध आहे. ३/४ आणि ३ : ४ (वाचन : तीनास चार) ही एकाच गोष्टीची दोन रूपे वाटतात. गुणोत्तर अपूर्णांकासारखेही लिहितात, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होणे साहजिक आहे.

इडलीसाठी तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडदाची डाळ भिजत घातली, तर तांदूळ व डाळ यांचे गुणोत्तर ३ : १. एकूण धान्यात मात्र तांदूळ ३/४, म्हणजे पाऊण हिस्सा, आणि डाळ पाव. ‘डाळ तांदळाच्या १/३’ हेही खरेच, पण तिथे छेदात सगळे धान्य नसून फक्त तांदूळ आहे. म्हणून नुसते १/३ म्हणून भागत नाही. कशाचा तिसरा हिस्सा, हे विचारावेच लागते. बांधकामावरचे सिमेंट, वाळू, खडी यांचे १ : २ : ४ हे प्रमाण तर एका अपूर्णांकात मावतही नाही. त्यात सिमेंट चौथा हिस्सा नाही, मोजून घेतलेल्या मालाचा १/७ आहे.

हा घोळ आकडेवारीत जास्त महागात पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर १,००० पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या. हे गुणोत्तर आहे. लोकसंख्येतला स्त्रियांचा वाटा ९४३/१९४३, म्हणजे सुमारे ४८.५ टक्के.

बेरजेत अपूर्णांक आणि गुणोत्तर यांचे मार्ग स्पष्टपणे वेगळे होतात. १/२ + १/३ = ५/६. मुले अनेकदा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहितात आणि ते चूक धरले जाते. पण एका चाचणीत १० पैकी ७ आणि दुसरीत २० पैकी १२ गुण मिळाले, तर एकूण ३० पैकी १९ हेच बरोबर. तिथे आपण संख्यांची बेरीज करत नसतो, दोन गटांच्या नोंदी एकत्र करत असतो. मुलाची ती ‘चूक’ या दुसऱ्या हिशेबातून आलेली असू शकते, आणि शिक्षकाने ते ओळखणे फार मोलाचे आहे.

मराठीत अपूर्णांक घरोघरी बोलले जात : पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, शिवाय पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) पाठ असत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अपूर्णांकांना ‘भिन्न’ म्हटले आहे, आणि प्रमाणाचा हिशेब ‘त्रैराशिका’त, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीत, येतो. त्यातले एक उदाहरण दोन्ही गोष्टी एकत्र आणते : ३/७ निष्काला (निष्क हे नाणे) अडीच पल (पल हे वजन) केशर, तर ९ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पल. केशराचा भाव हे प्रमाण. त्यात वावरणाऱ्या संख्या अपूर्णांक.

ग्रीक गणितात गुणोत्तराला संख्या मानतच नसत. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीवरील ग्रंथाच्या पाचव्या भागात त्याची व्याख्या दोन सजातीय राशींच्या आकारमानांमधला संबंध अशी आहे. त्यामुळे चौरसाचा कर्ण आणि बाजू यांच्या गुणोत्तराबद्दलही बोलता येत होते. ते √२ : १ आहे, कोणत्याही दोन पूर्णांकांचा अपूर्णांक त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही.