खोटे बोलणारी निवेदिका आणि चुकणारी निवेदिका

बिनसलेल्या संसारावरची एखादी मानसशास्त्रीय थरार कादंबरी वाचक गटात घेतली की चर्चा सुरू होताच कोणीतरी म्हणते, ‘ही बाई सांगते त्यावर विश्वासच ठेवता येत नाही.’ हे बहुधा खरेच असते. पण तेवढ्यावर थांबले तर जाणूनबुजून फसवणारी निवेदिका आणि स्वतःच फसलेली निवेदिका यांची सरमिसळ होते आणि चर्चा भरकटते. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केली. तिच्या पोटात दोन निरनिराळे प्रकार दडलेले आहेत, हे ग्रेटा ओल्सन यांनी २००३ च्या आपल्या निबंधात नेमकेपणाने दाखवले.

या दोन प्रकारांची उदाहरणे म्हणून गिलियन फ्लिन यांची ‘गॉन गर्ल’ (२०१२) आणि पॉला हॉकिन्स यांची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) या कादंबऱ्या शेजारी ठेवता येतात. दोन्हींच्या नावांत ‘गर्ल’ आहे, दोन्हींत एक विवाहित स्त्री बेपत्ता होते आणि संशय नवऱ्यावर जातो. त्यामुळे अनेकांच्या आठवणीत त्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. पुढील मजकुरात दोन्हींचे रहस्य उघड केले आहे. ज्यांचे वाचन व्हायचे आहे त्यांनी इथेच थांबलेले बरे.

‘गॉन गर्ल’मध्ये लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी नाहीशी होते. पहिल्या भागात तिचा नवरा निक याचे निवेदन आणि एमीच्या डायरीतील नोंदी आळीपाळीने येतात. त्या नोंदींत प्रेमात पडलेली, मग दुखावलेली आणि शेवटी नवऱ्याच्या धाकात जगणारी बायको आपल्याला दिसते. दुसरा भाग सुरू होताच एमी स्वतः सांगते की ती डायरी बनावट आहे. पोलिसांच्या हाती ती लागावी आणि निक खुनी ठरावा, एवढ्यासाठीच ती रचलेली आहे. म्हणजे या डायरीला ठरलेला वाचक आहे, तिचा हेतू स्पष्ट आहे आणि तिच्यातील प्रत्येक हळवे वाक्य मोजूनमापून लिहिलेले आहे. निकही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पोलिसांशी बोललेल्या खोट्याचा तो मनातल्या मनात हिशेब ठेवतो, पण आपले बाहेर प्रकरण चालू आहे हे वाचकालाही बराच काळ कळू देत नाही. त्याच्याजवळचा दुसरा मोबाइल मधूनमधून थरथरतो, एवढाच पुरावा पानांवर असतो. माझ्या मते एमीच्या डायरीपेक्षा या फोनवर गटाने जास्त वेळ द्यावा, कारण लबाडी उघड होण्याआधी लेखिकेने वाचकाला दिलेली ती प्रामाणिक सूचना आहे.

‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधील रेचेल याच्या अगदी उलट आहे. घटस्फोट झालेला, दारूचे व्यसन जडलेले, नोकरी गेलेली. तरी घरमालकिणीला कळू नये म्हणून ती रोज सकाळच्या गाडीने लंडनला जाते. इथे बारकाईने पाहावे लागते. रेचेल घरमालकिणीशी खोटे बोलते. पण आपण तिच्याशी खोटे बोलतो आहोत, हे ती वाचकाला सांगते. वाचकापासून ती फारसे लपवत नाही. तिला जे ठाऊक आहे तेच मुळात चुकीचे आहे. दारूच्या नशेत आपण गोल्फची काठी घेऊन नवऱ्याच्या अंगावर धावून गेलो, ही तिची समजूत आहे आणि त्याची शरम तिने वर्षानुवर्षे वाहिली आहे. प्रत्यक्षात काठी त्या नवऱ्याने, टॉमने, तिच्यावर उगारली होती आणि घटनेची उलटी हकिकत त्यानेच तिच्या डोक्यात भरवली होती. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या ‘गॅस लाइट’ (१९३८) या नाटकातील नवरा बायकोला तिच्या स्वतःच्या डोळ्यांविषयी शंका घ्यायला लावतो. टॉम हेच काम आयत्या मिळालेल्या विस्मृतीवर करतो.

या विस्मृतीविषयी एक आक्षेप गटात हमखास निघतो, आणि तो रास्त आहे. अतिमद्यपानामुळे काही तास पूर्णपणे पुसले जातात तेव्हा मेंदूत त्या तासांची स्मृती तयारच झालेली नसते. म्हणून ती नंतर परतही येत नाही. विस्मृती तुटक असेल तर मात्र एखाद्या खुणेवरून काही तुकडे आठवू शकतात. रेचेलला शेवटी जे आठवते ते या दुसऱ्या प्रकारात बसवावे लागते, आणि तरीही ते जरा जास्तच सोयीने आठवते, असे म्हणायला जागा आहे. या कादंबरीवरच्या २०१६ च्या चित्रपटात तिच्या गैरसमजाला पहिला धक्का एका परिचित बाईच्या बोलण्याने बसतो, तर पुस्तकात तिला स्वतःच्या आठवणींतूनच वाट काढावी लागते. चित्रपट पाहून आलेल्या सदस्याच्या बोलण्यात हा फरक पुसला जातो.

विवाहाचे चित्रही या फरकानुसार बदलते. एमीच्या हाती निवेदन हे जोडीदारावर उगारलेले शस्त्र आहे. रेचेलच्या निवेदनावर तिच्या आधीच्या जोडीदाराचा ताबा आहे. म्हणून एमीचे पान वाचताना ‘हे कोणाच्या डोळ्यांसाठी लिहिले आहे?’ असे विचारावे, तर रेचेलचे वाचताना ‘हे तिला कोणी सांगितले?’ असे विचारावे. दोघींना एकच प्रश्न विचारला की चर्चा ‘मला ती आवडली’ आणि ‘मला नाही आवडली’ यांच्यात अडकून पडते.

वाचनाची आखणीही वेगवेगळी हवी. ‘गॉन गर्ल’ची पहिली बैठक पहिला भाग संपताच घ्यावी आणि पुढचे कोणी वाचून येऊ नये, नाहीतर बनावट डायरीवर विश्वास ठेवण्याचा अनुभवच हातून जातो. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ मध्येच थांबवून फारसे साधत नाही. तिथे प्रकरणांवरच्या तारखा कागदावर उतरवून घ्याव्यात, कारण बेपत्ता झालेल्या मेगनचे निवेदन रेचेलच्या निवेदनाच्या सुमारे वर्षभर आधी सुरू होऊन हळूहळू तिच्यापर्यंत येते, आणि ते शेजारी लावल्यावरच रेचेलला गाडीच्या खिडकीतून दिसणारे सुखी जोडपे, म्हणजे मेगन आणि तिचा नवरा, त्या वेळी खरोखर कोणत्या अवस्थेत होते ते कळते.