रेडियमचं नोबेल १९०३ चं नव्हे!

मेरी क्युरींवरचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या चार-पाच ओळींत हे वाक्य हमखास भेटतं: 'रेडियमच्या शोधाबद्दल त्यांना १९०३ मध्ये नोबेल मिळालं.' भाषणांत तेच, प्रश्नमंजूषेत तेच, जयंतीच्या संदेशांतही तेच. साफ चूक. १९०३ च्या प्रशस्तीत रेडियमचा उल्लेखसुद्धा नाही.

रेडियमची गोष्ट तुम्हाला पाठ असणार. गळकी शेड, ढवळत राहिलेलं पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज), अंधारात चमकणाऱ्या नळ्या. ती पुन्हा सांगत नाही.

१९०३ चं पारितोषिक भौतिकशास्त्राचं, किरणोत्सर्गावरच्या, म्हणजे काही पदार्थांतून आपोआप किरण बाहेर पडण्यावरच्या, संशोधनाबद्दल. निम्मं हेन्री बेक्वेरेल यांना, निम्मं मेरी आणि त्यांचे पती पिअरे या दोघांना मिळून. (शिफारसपत्रात आधी मेरींचं नावच नव्हतं. एका स्वीडिश गणितज्ञाने पिअरेंना ते कळवलं, तेव्हा कुठे चक्रं फिरली.) किरणोत्सर्ग १८९६ मध्ये सापडला तो बेक्वेरेलना. तो शोधही मेरींच्या नावावर टाकणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. मेरींनी त्याला नाव दिलं आणि त्याचं मोजमाप केलं. युरेनियम कोणत्याही संयुगात असो, ओलं असो वा कोरडं, किरणांची तीव्रता ठरते ती फक्त त्यात युरेनियम किती आहे यावर. म्हणजे हा गुणधर्म संयुगाचा नाही, थेट अणूचा आहे. हे झालं भौतिकशास्त्र.

१९११ चं पारितोषिक रसायनशास्त्राचं, एकट्या मेरींना. ते पोलोनियम आणि रेडियमच्या शोधाबद्दल, रेडियम वेगळं केल्याबद्दल आणि त्याच्या संयुगांच्या अभ्यासाबद्दल.

यावर लगेच शंका येते: दोन्ही मूलद्रव्यं तर १८९८ मध्येच जाहीर झाली होती, मग एकाच कामाचं दोनदा बक्षीस? तेव्हाही काहींनी अशीच कुजबुज केली होती. पण १८९८ मध्ये हाती काय होतं? पिचब्लेंडमध्ये युरेनियमच्या हिशेबापेक्षा जास्त किरणोत्सर्ग दिसत होता आणि रेडियमच्या वर्णपटात (पदार्थाच्या प्रकाशातल्या रंगरेषांत) एक अनोळखी रेषा मिळाली होती. एवढ्यावर रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्य मानत नाहीत. त्यांना शुद्ध पदार्थ हवा असतो, अणुभार हवा असतो. १९०२ मध्ये जेमतेम ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आलं आणि अणुभार २२५ निघाला (आज आपण २२६ मानतो). तरीही १९०६ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी जाहीरपणे म्हटलं की रेडियम मूलद्रव्य नसून संयुग असावं. त्याच वर्षी पिअरे गेले. १९१० मध्ये मेरी आणि त्यांचे सहकारी आंद्रे देबिएर्न यांनी प्रत्यक्ष रेडियम धातूच वेगळा करून दाखवला. वाद संपला.

शिवाय १९०३ मध्ये रेडियमचं नाव गाळलं ते विसरून नव्हे. त्या शोधाला पुढे रसायनशास्त्राचं पारितोषिक देता येईल, असं रसायनशास्त्रज्ञांना वाटत होतं, म्हणून जागा मोकळी ठेवली गेली.

१९३५ चं नोबेल मुलीचं, इरेनचं. कृत्रिम किरणोत्सर्गाबद्दल, पती फ्रेडरिकसह. तेही आईच्या खात्यात जमा करू नका.

दोनांतलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर मी १९११ चं ठेवेन. नोबेल व्याख्यानात मेरींनी पिअरेंचा वाटा मनापासून मांडला आणि शुद्ध रेडियम क्षार वेगळं करण्याचं रासायनिक काम आपण स्वतः केलं, हेही स्पष्ट सांगितलं.