सोळा आण्यांची जमीन आणि रोखीचा सारा

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि पुण्याकडचा शेतसारा कंपनी सरकारच्या हाती आला. तो किती घ्यायचा, हे शास्त्रशुद्ध ठरवायचं म्हणून १८२८च्या सुमारास प्रिंगल नावाचा अधिकारी कामाला लागला. हा अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकलेला. मशागतीचा खर्च वजा जाता जे उरेल, त्यातले ५५ टक्के सरकारचे, असं त्याचं गणित होतं. पण प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न ठरवणार कोण? ते काम कारकुनांकडे गेलं, लाचखोरी माजली, आकडे फुगले. सारा न झेपणारे कितीतरी शेतकरी गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले.

मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी मोजणी हाती घेतली. त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडून माती पाहिली. पावणेदोन हात खोल, उत्तम प्रतीची काळी जमीन म्हणजे १६ आणे, अर्थात पूर्ण दराची. तीच अर्धा हात भरली की ६ आणे. वाळू, चुनखडी किंवा उतार असला की प्रत आणखी खाली. ओल धरणं हे कोरडवाहू पिकाचं सर्वस्व आणि खोली पाहिली की त्याचा अंदाज येतो. ही मेख अचूक होती. शिवाय दर उतरवले आणि ३० वर्षं सारा वाढणार नाही, अशी हमी दिली. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली.

घोळ झाला तो फेरमोजणीच्या वेळेमुळे. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवीत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, लोहमार्गाच्या कामांवर मजुरी वाढली, धान्यही महागलं. इंदापूरची मुदत नेमकी १८६६-६७ला संपली आणि सारा निम्म्याहून अधिक वाढला. भाव मात्र लवकरच कोसळले. पीक बुडो वा भाव पडो, हप्ता रोखच भरायचा. त्यासाठी सावकाराचं दार गाठावं लागे. (विंगेटने स्वतः १८५०च्या दशकातच या कर्जबाजारीपणाबद्दल सरकारला सावध केलं होतं.)

सरकारने १८७४ मध्ये वाढीवर मर्यादा घातली: तालुक्याला ३३ टक्के, गावाला ६६, एका खातेदाराला १००. दुप्पट सारा तरीही नियमात बसतच होता. पुढच्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं जाळली. सरकारी कचेरीला मात्र कुणी हात लावला नाही.